मैना बर्ड्स: नील यंग आणि रिक जेम्स एकाच ग्रुपमध्ये होते, मग त्या ग्रुपचं झालं काय?

जुनी_तबकडी (ठाणे)

नमस्कार मंडळी, गेले चार दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. नील यंग मी कॉलेजपासून ऐकतो, आणि रिक जेम्स म्हटलं की मला एवढंच माहीत होतं की एमसी हॅमरच्या त्या १९९० च्या गाण्याखाली जो बेस वाजत राहतो तो मूळ रिकच्या १९८१ च्या 'सुपर फ्रीक'मधला. एक गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन एकटा गाणारा, दुसरा चमचमते कपडे घालून फंक वाजवणारा, ही दोन नावं एका वाक्यात कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. आणि परवा कळलं की १९६६ च्या सुरुवातीला हे दोघं टोरांटोत एकाच ग्रुपमध्ये होते, नाव मैना बर्ड्स, मोटाउन या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला होता, रेकॉर्डिंगसुद्धा झालं होतं, आणि ते लोकांच्या कानावर पडायला ४० वर्षं गेली!

मग कागद घेतला आणि कोण कधी आलं कोण कधी गेलं ते मांडायला बसलो तर अर्ध्या तासात कागदावर नुसते बाणच बाण. १९६४ ते १९६७ एवढाच जीव त्या ग्रुपचा, आणि त्यातही दोन महिने तोच संच टिकला असं फारसं दिसत नाही.

मला विचारायचंय ते असं. इतकी माणसं का बदलत होती? आणि मोटाउनची रेकॉर्ड आली का नाही? मी स्वतः बारा वर्षं गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, तिथे ऐनवेळी ढोलकीवाला बदलला तरी कार्यक्रम पार पडतो कारण गाणी सगळ्यांना पाठ असतात. पण स्वतःची गाणी करणाऱ्या पोरांचं तसं कसं चालेल? अशा ग्रुपला एक ग्रुप म्हणायचं तरी का? ज्यांना माहिती असेल त्यांनी सविस्तर लिहा, मोठं झालं तरी चालेल, मी वाचणार आहे.


टोरांटोतला_सातारकर

दादा, प्रश्न वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण मी ज्या रस्त्यावरून आठवड्यातून दोनदा जातो तिथलीच ही गोष्ट आहे. यॉर्कव्हिल अव्हेन्यू. आज तिथे महागड्या पर्सची दुकानं, हॉटेलं, आणि कॉफीचे भाव बघून पाहुणे दचकतात. साठच्या दशकात मात्र हीच गल्ली जुन्या घरांमधल्या कॉफीहाउसांनी भरलेली होती, भाडी स्वस्त, दारू नाही, नुसती कॉफी आणि गाणी. जोनी मिचेल, गॉर्डन लाइटफूट हे सगळे तिथल्या रिव्हरबोटमध्ये गायलेत. त्या गल्लीत संध्याकाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलात तर चार-पाच ठिकाणचं संगीत फुकट कानावर पडत असणार.

त्यातलंच एक कॉफीहाउस कॉलिन केर नावाच्या माणसाचं, नाव मैना बर्ड. ग्रुपचं नाव तिथून आलं. केरला जाहिरातीचं भारी वेड, त्याच्याकडे पाळलेली खरी मैना होती आणि तिचं नाव राजा! म्हणजे शब्द आपला, पक्षी आपल्याकडचा, नाव आपलं, आणि गाव टोरांटो. पोरांना त्याने काळी लेदर जॅकेटं आणि पिवळे बंद गळ्याचे स्वेटर घालायला लावले. हे वाचताना मला आधी काही लागेना, कारण मी डोळ्यापुढे आपली अंगणातली साळुंकी आणत होतो, ती तपकिरी. पण माणसासारखी बोलते ती डोंगरी मैना, आणि ती काळीभोर असते, डोळ्याखालून मानेपर्यंत पिवळे पट्टे. म्हणजे सगळा ग्रुपच पक्ष्याच्या वेषात उभा केला होता.

केरच्याच काळात कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या कॅनडातल्या शाखेने १९६५ मध्ये त्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली होती, दोन्ही बाजूंना मैनेच्या नावाचीच गाणी. म्हणजे ग्रुप काय तर कॉफीहाउसची चालतीबोलती जाहिरात. माझ्या मते माणसं न टिकण्याचं हे पहिलं कारण. ज्या पोराला मनापासून रिदम अँड ब्लूज वाजवायचंय तो पिवळा स्वेटर घालून पक्ष्याची गाणी किती दिवस वाजवेल? पुढे केरशी त्यांचं फाटलंच.


बेसवाला (नाशिक)

सातारकर, राजा मैनेचं माहीत नव्हतं, वा!

तबकडी दादा, तुमच्या बाणांपैकी एक बाण मी सरळ करून देतो कारण मी बेस वाजवतो आणि या ग्रुपच्या बेसवाल्यांची गोष्टच मजेदार आहे. सुरुवातीचा बेसवाला निक सेंट निकोलस, मूळचा जर्मनीत जन्मलेला. त्याच गल्लीतला दुसरा ग्रुप जॅक लंडन अँड द स्पॅरोज, त्यांचा बेसवाला ब्रूस पामर. १९६५ मध्ये या दोघांनी चक्क जागा बदलल्या, निक गेला चिमण्यांकडे आणि ब्रूस आला मैनांकडे. त्याच वर्षात कीबोर्डवाला गोल्डी मॅकजॉन पण मैना सोडून चिमण्यांकडे गेला. आणि त्या चिमण्यांचं पुढे काय झालं माहितीये का? जॉन के नावाचा गायक आला, मंडळी अमेरिकेत गेली, ग्रुप मोडला आणि त्यातून उभा राहिला स्टेपनवुल्फ. 'बॉर्न टु बी वाइल्ड' वाला स्टेपनवुल्फ!

आता ब्रूस. गिटारवाला टॉम मॉर्गन सोडून गेला म्हणून गिटारवाला पाहिजे होता, आणि ब्रूसला यॉर्कव्हिलमध्ये एक उंच किडकिडीत पोरगा डोक्यावर ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) घेऊन चालताना दिसला. तो नील यंग. वय २०, विनिपेगमधला स्वतःचा ग्रुप मोडलेला, टोरांटोत एकट्याने गाऊन बघितलं तर कोणी विचारेना, हातात बारा तारांची अकूस्टिक. ब्रूस म्हणाला चल आमच्यात. बस, एवढीच ऑडिशन.

म्हणून मला विचाराल तर माणसं बदलणं हा या ग्रुपचा दोष नव्हताच. त्या गल्लीत दहा-वीस ग्रुप, सगळे अठरा-वीस वर्षांचे, सगळ्यांना एकमेकांचं वाजवणं पाठ, सकाळी एकाकडे भांडण झालं की संध्याकाळी दुसऱ्याकडे प्लग लावायचा. तुमच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीवाला बदलतो तसंच की हे, फरक इतकाच की इथे ज्याला बदललं तो पुढे जगभर गाजला.


मोटाउन_वेडी (पुणे)

थोडं लांब लिहिणार आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. वरच्या सगळ्या पोस्टमध्ये ज्याचा ग्रुप होता त्याच्याबद्दल अजून एक ओळ नाही, आणि इंटरनेटवर सगळीकडे हेच चालतं, मैना बर्ड्स म्हणजे 'नील यंगचा सुरुवातीचा ग्रुप'. नील त्यात काही आठवडे होता हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत जो होता तो रिकी, म्हणजे रिक जेम्स.

खरं नाव जेम्स जॉन्सन, जन्म १ फेब्रुवारी १९४८, बफेलो शहर, न्यूयॉर्क राज्य. सक्तीची सैन्यभरती चुकवायची म्हणून वय वाढवून सांगून नेव्हीच्या राखीव दलात नाव घातलं. गाण्याच्या नादात सरावाच्या हजेऱ्या बुडवल्या, तर हुकूम निघाला की आता प्रत्यक्ष नोकरीवर हजर हो, आणि ते दिवस व्हिएतनामचे. १९६४ मध्ये सोळा वर्षांचा पोरगा सीमा ओलांडून टोरांटोला पळाला. त्याने स्वतःच सांगितलेली आठवण आहे, पहिल्याच रात्री रस्त्यावर काही दारुडे त्याच्यावर धावून आले आणि तिथून जाणाऱ्या दोघांनी त्याला सोडवलं, ते दोघे लेव्हॉन हेल्म आणि गार्थ हडसन, जे पुढे 'द बँड' नावाच्या ग्रुपमध्ये नावारूपाला आले. त्या गल्लीत तो रिकी जेम्स मॅथ्यूज म्हणून राहिला, कारण खऱ्या नावाने राहणं शक्यच नव्हतं. काळा पोरगा, मागे बाकी सगळे गोरे, आणि तो मिक जॅगरसारखा स्टेजवर नाचतोय. १९६५ मध्ये अमेरिकेत असं चित्र किती ठिकाणी दिसलं असतं सांगा.

आता मोटाउन. जॉन क्रेग ईटन नावाच्या श्रीमंत घरातल्या तरुणाने ग्रुपला पैसा पुरवला, वाद्यं, ॲम्प सगळं नवं. (सातारकर, तुमच्याकडचं ईटन सेंटर ज्या घराण्याच्या नावाचं आहे तेच ईटन.) १९६६ च्या सुरुवातीला पोरं डेट्रॉइटला गेली. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये सुरू केलेली कंपनी, रस्त्यावरचं साधं घर, वर पाटी हिट्सव्हिल यूएसए, आणि त्या घराच्या तळघरासारख्या छोट्या स्टुडिओतून अमेरिकेतली सगळ्यात जास्त वाजणारी गाणी बाहेर पडत होती. मोटाउनने या मिश्र ग्रुपशी सात वर्षांचा करार केला. नील यंगने नंतर सांगितलंय की रेकॉर्डिंग करताना एखाद्या ठिकाणी यांचा आवाज कमी पडतोय असं वाटलं की मोटाउनचे गायक सहज आत यायचे आणि मागे सूर लावून द्यायचे, आणि गाणं एकदम मोटाउनचं होऊन जायचं. अठरा वर्षांच्या रिकीला त्या खोलीत उभं राहून काय वाटलं असेल याचा विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो.

आणि मग सगळं संपलं. करारापोटी मिळालेली ॲडव्हान्सची रक्कम त्यांच्या तेव्हाच्या मॅनेजरने उडवली, पोरांपर्यंत पोचलीच नाही. त्याला काढून टाकलं. त्याने मोटाउनला कळवलं की तुमचा गायक नेव्हीतून फरारी आहे. फरारी माणसाची रेकॉर्ड कंपनी कशी काढणार? रिकीला सांगितलं की आधी हजर हो, ते निस्तरून ये, मग बघू. तो हजर झाला आणि ब्रुकलिनच्या नौदल तुरुंगात गेला. 'इट्स माय टाइम' नावाचं गाणं तयार होतं, मागच्या बाजूला 'गो ऑन अँड क्राय'. दोन्ही फडताळात. २००६ मध्ये मोटाउनच्या १९६६ सालच्या सगळ्या गाण्यांचा जो मोठा संच निघाला त्यात ती पहिल्यांदा आली. रिकी तोपर्यंत गेला होता, ६ ऑगस्ट २००४.

म्हणून तबकडी दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे की रेकॉर्ड माणसं बदलल्याने अडली नाही, एका पोराला लढाईवर जायचं नव्हतं म्हणून अडली. आणि तुम्ही विचारलंत एक ग्रुप म्हणायचं का, तर रिकी उभा आहे तोपर्यंत तो ग्रुप होता. सुटून आल्यावर १९६७ मध्ये त्याने टोरांटोत परत मैना बर्ड्स उभा केला, पूर्ण नवी माणसं घेऊन, तेव्हा कोणाला वाटलं नाही की नाव चुकीचं आहे.

पुढच्या आयुष्यात त्याने अतिशय वाईट गोष्टी केल्या आणि नव्वदच्या दशकात गंभीर गुन्ह्यांसाठी तुरुंगात गेला, ते मी झाकत नाही, ज्यांनी सोसलं त्यांच्यासाठी ते लिहिलंच पाहिजे. पण १९६६ च्या त्या पोराची गोष्ट दुसऱ्या कोणाच्या चरित्रातला एक परिच्छेद म्हणून संपवली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.


जुनी_तबकडी (ठाणे)

ताई, नमस्कार घ्या माझा. मीच प्रश्नाच्या मथळ्यात नील यंगचं नाव आधी टाकलंय हे आत्ता लक्षात आलं. तुमची पोस्ट दोनदा वाचली, आणि दोन्ही गाणी लगेच शोधून ऐकली. 'इट्स माय टाइम' म्हणजे 'आता माझी वेळ' असं गाणारा पोरगा आणि पुढच्या काही आठवड्यांत तुरुंग, ऐकवत नव्हतं शेवटी शेवटी.

बाकी नील आणि ब्रूसचं काय झालं? ते शववाहिकेचं प्रकरण याच वेळचं ना?


बेसवाला (नाशिक)

ताईंचं बरोबर आहे, मी रिकीला वगळून लिहिलं ते चुकलंच.

शववाहिका हो, तेव्हाचीच. गायक तुरुंगात, करार गोठलेला, दोघांनाही टोरांटोत काही उरलं नाही. मग त्यांनी ईटनच्या पैशातून आलेली वाद्यं आणि ॲम्प विकले आणि १९५३ ची पॉन्टिॲक घेतली, मयत न्यायची गाडी. नीलला ती आवडायची कारण मागे वाद्यं सरळ आत सरकवता येतात, शवपेटीसाठी रूळ असतात ना. आधीसुद्धा त्याच्याकडे अशीच एक ब्यूकची होती, ती १९६५ मध्ये ऑन्टॅरिओत ब्लाइंड रिव्हर गावी बंद पडली. तर १९६६ च्या मार्चमध्ये सहा जणं त्या पॉन्टिॲकमध्ये बसून लॉस एंजेलिसला निघाले, काम करायचे कागदपत्र कोणाकडेच नाहीत. नीलला शोधायचा होता स्टीफन स्टिल्स, वर्षभरापूर्वी ऑन्टॅरिओतच फोर्ट विल्यमला भेटलेला. पत्ता नाही, फोन नाही. पोचले, दिवसचे दिवस शोधलं, कंटाळून परत निघायचा विचार, आणि एप्रिलच्या सुरुवातीला सनसेट बुलेव्हार्डवर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीतून स्टिल्स आणि रिची फ्युरे यांना समोर एक काळी शववाहिका दिसली, नंबरप्लेट ऑन्टॅरिओची. त्यातून जन्मला बफेलो स्प्रिंगफील्ड नावाचा नवा ग्रुप, नाव घेतलं रस्त्यावरच्या रोड रोलरवरच्या पाटीवरून. ११ एप्रिलला पहिला कार्यक्रम ट्रूबाडोरला. म्हणजे रस्त्यात भेटल्यापासून स्टेजपर्यंत जेमतेम काही दिवस.

आणि दादा तुमचा कागद तयार ठेवा, कारण तिथेही तेच. १९६७ च्या जानेवारीत ब्रूस गांजासोबत पकडला गेला आणि त्याला कॅनडात परत पाठवलं, त्याच्या जागी केन कोब्लन, मग जिम फील्डर. नील जूनमध्ये मॉन्टेरे फेस्टिव्हलच्या तोंडावर सोडून गेला, तर डग हेस्टिंग्ज आला आणि मॉन्टेरेला तर 'द बर्ड्स' (मैना नव्हे, वेगळाच ग्रुप) चा डेव्हिड क्रॉस्बी येऊन उभा राहिला. नील परत आला. ब्रूस परत पकडला गेला, त्याच्या जागी जिम मेसिना. ५ मे १९६८ ला लाँग बीचला शेवटचा कार्यक्रम. दोन वर्षं आणि एक महिना, तीन अल्बम.

हे लिहिताना एक गोष्ट पहिल्यांदाच जाणवली. रिकी सीमा ओलांडून वर आला आणि त्याला खाली परत जावं लागलं. ब्रूस सीमा ओलांडून खाली गेला आणि त्याला वर परत पाठवलं. दोघंही २००४ मध्येच गेले, रिकीनंतर दोन महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबरला ब्रूस. बेसवाला म्हणून सांगतो, ब्रूसचं वाजवणं ऐका, बफेलो स्प्रिंगफील्डच्या 'फॉर व्हॉट इट्स वर्थ'मध्ये मोजके दोन-चार सूर आहेत पण अख्खं गाणं त्यावर उभं आहे.


टोरांटोतला_सातारकर

मला मात्र ती वाद्यं विकली ते खटकतं. ईटनने विश्वासाने पैसे घातले होते. मैत्रीत घेतलेली वस्तू अशी विकून गाव सोडायचं? पुढे कितीही मोठे झाले तरी ते बरोबर नाही.


मोटाउन_वेडी (पुणे)

खटकतंच. आणि मला तर जास्त हे खटकतं की त्या सामानात रिकीचाही वाटा होता आणि तो तुरुंगात होता. पण वीस वर्षांची पोरं, मॅनेजरने पैसे उडवलेले, मोटाउनने दार लावलेलं, त्यांच्याकडे विकण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. बरोबर म्हणत नाही मी, पण मला त्यांचा राग करता येत नाही.


दादरचे_काका

मुलांनो, मी इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. वय ७४. स्टेपनवुल्फचं नाव वाचलं आणि उठून कपाट उघडलं. १९७१ च्या सुमारास काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून मी त्यांची एलपी घेतली होती, पहिल्या पगारातून, घरी वडील काही बोलले नाहीत पण आई म्हणाली एवढ्या पैशात दोन महिन्यांचं दूध आलं असतं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, रेकॉर्ड अजून वाजते. गोल्डी मॅकजॉन हे नाव पन्नास वर्षं कव्हरवर वाचतोय, तो मुळात मैना होता हे आज कळलं! निक सेंट निकोलस मात्र मला कव्हरवर कुठे सापडत नाहीये, चष्मा बदलून बघितलं. बेसवाल्या, तू म्हणतोस दोघंही होते, मग हा कुठे गेला?


बेसवाला (नाशिक)

काका, तुमच्याकडे बहुतेक १९६८ चा पहिला अल्बम आहे, 'बॉर्न टु बी वाइल्ड' त्यातच आहे. त्यावर बेस रश्टन मोरीव्हचा. निक नंतर आला, १९६९ च्या 'ॲट युअर बर्थडे पार्टी'वर तो सापडेल. म्हणजे तिथेही बेसवाला बदललाच. गोल्डी मात्र पहिल्यापासून आहे, आणि 'बॉर्न टु बी वाइल्ड' लिहिणारा पण त्या चिमण्यांमधलाच, डेनिस एडमंटन, गाण्यावर नाव लावलं मार्स बॉनफायर.


दादरचे_काका

पहिलाच आहे. लेबलवर गाण्याखाली कंसात एम. बॉनफायर छापलंय. आत्ता लावलाय, ऑर्गन ऐकतोय.


जुनी_तबकडी (ठाणे)

काका, ठाण्याहून दादर लांब नाही. रविवारी चालत असेल तर सांगा, मी माझा बाणांचा कागद घेऊन येतो.


दादरचे_काका

ये. चारनंतर ये, तोवर मी झोपतो.